टाके सुकले, पण आठवणीचं काय?

आम्ही मुंबईतल्या कुर्ल्याहून बोलतोय. वस्तीतले बचत गट चालते ठेवणं हे आमचं रोजचं काम. आज मात्र हप्ते, व्याज, बँक सगळं बाजूला ठेवू. आजचा विषय आहे डोक्याला मार लागल्यावर जाणारी आठवण, आणि ती परत यावी म्हणून अगदी पहिल्या दिवसांपासून करायची मेहनत.

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री आमच्या कुर्ला पश्चिमेला, एस. जी. बर्वे मार्गावर, बेस्टची एक बस भर गर्दीत घुसली. सातहून अधिक माणसं गेली, चाळीसहून अधिक जखमी झाली. तुम्हीही ते टीव्हीवर पाहिलं असेल. अशा अपघातानंतर पेपरात दोनच आकडे येतात, मृत किती आणि जखमी किती. हात मोडलेला, पाय खरचटलेला आणि डोकं आपटलेला, सगळे त्या एका 'जखमी' शब्दात बसतात. मोडलेल्या हाताचं प्लास्टर सगळ्यांना दिसतं. डोक्याचे टाके आठ-दहा दिवसांत निघतात, वर केस येतात, आणि घरचे म्हणतात, "सुटलो बाबा, बरा झाला." तोच बरा झालेला माणूस दुपारी तीन वाजता विचारतो, "आज मी जेवलो का गं?"

हे शहरातच घडतं असं नाही. गावाकडे मोटारसायकलवर मागे बसलेल्या बाईचा पदर चाकात अडकतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मजूर पडतात. झाडावरून, धाब्यावरून माणसं पडतात. आमच्याकडे लोकलच्या दारातून पडतात, दहा बाय बाराच्या खोलीतल्या पोटमाळ्याच्या शिडीवरून पडतात. आणखी एक कारण केस पेपरवर क्वचितच लिहिलं जातं. नवऱ्याने डोकं भिंतीवर आपटलेलं असतं, आणि बाई "पाय घसरला" असं सांगून टाके घालून घेते. मार कसाही लागो, मेंदूला तो सारखाच लागतो.

आठवण कुठे जाते?

मेंदू साधारण एक किलो तीनशे-चारशे ग्रॅमचा, लोण्यासारखा मऊ. कवटीच्या आत तो पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. दह्याचं मडकं एकदम हिसडलं तर मडकं फुटत नाही, पण आतलं दही मोडतं. डोक्याचंही तसंच. कवटीला तडा न जाताही मेंदू आत पुढे-मागे आपटतो. कपाळामागे आणि कानशिलाच्या आतल्या बाजूला कवटीचा तळ खडबडीत असतो. तिथेच मेंदूला जास्त इजा होते. नेमकं कपाळामागे लक्ष देण्याचं आणि बेत आखण्याचं काम चालतं, आणि कानशिलाच्या आत नवी आठवण साठवण्याचं. शिवाय मेंदूच्या आतले बारीक धागे ताणले जातात. हे धागे साध्या सीटी स्कॅनमध्ये नेहमीच दिसत नाहीत. म्हणून "सीटी नॉर्मल आहे" याचा अर्थ "आठवण शाबूत आहे" असा होत नाही.

आठवण म्हणजे एकच पेटी नाही. जुन्या गोष्टींची आठवण वेगळी: माहेरचं घर, लग्न, मुलांचे जन्म. आज सकाळी काय झालं याची वेगळी. उद्या काय करायचंय याची आणखी वेगळी. आणि हाताची आठवण तर अगदीच निराळी: भाकरी थापणं, सायकल चालवणं, सुई ओवणं. डोक्याच्या माराने बहुतेक वेळा नवी गोष्ट साठवणं बिघडतं. म्हणून माणूस वीस वर्षांपूर्वीच्या जत्रेचं सगळं सांगतो आणि सकाळी घेतलेली गोळी विसरतो. मग घरच्यांना वाटतं, "हवं ते बरं आठवतं याला!" हे सोंग नव्हे. दुखापतीचं रूपच असं आहे.

हाताची आठवण वेगळी असते हे डॉक्टरांना कसं कळलं, तेही ऐका. अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या एका तरुणाला फार फिट्स यायच्या. १९५३ मध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्यात मेंदूचा आठवण साठवणारा भाग दोन्ही बाजूंनी काढला गेला. त्यानंतर २००८ मध्ये मरेपर्यंत त्याला नवीन काही आठवणीत ठेवता आलं नाही, रोज भेटणारी माणसंही नाही. ब्रेंडा मिल्नर या बाईंनी त्याला फक्त आरशात बघून कागदावरची चांदणी गिरवायला दिली. रोज तो म्हणायचा, हे मी कधी केलेलं नाही. पण रोज त्याच्या चुका कमी होत गेल्या. तोंडाला आठवत नव्हतं, हात मात्र शिकत होता.

मैत्रिणींनो, ही गोष्ट पक्की धरून ठेवा. ज्या माणसाला "मला शिकवलं" हेसुद्धा आठवत नाही, तोही शिकू शकतो. त्याला तसं शिकवावं लागतं, एवढंच.

सुरुवात वॉर्डातच

बेशुद्ध माणूस डोळे उघडतो तेव्हा सगळं घर देवापुढे साखर ठेवतं. पण डोळे उघडल्यावर बरेचदा एक गोंधळाची अवस्था येते. माणूस बोलतो, ओळखतो, जेवतो, पण काहीच टिकत नाही. सकाळी भेटून गेलेला भाऊ संध्याकाळी आठवत नाही. रुग्णालयाला तो घर समजतो, नर्सला शिव्या देतो, सलाईन उपटतो. ही अवस्था काही तासांची असते, काही दिवसांची, कधी काही आठवड्यांची. ती किती लांबली यावरून इजा किती खोल आहे याचा डॉक्टरांना अंदाज येतो. म्हणून जवळ बसणाऱ्या बाईने रोज वहीत एक ओळ लिहावी. आज तारीख सांगता आली का, कालचं काही आठवलं का. ज्या दिवसापासून रोजचं रोज आठवू लागलं, ती तारीख डॉक्टरांना सांगावी. ही माहिती चोवीस तास उशाशी बसणाऱ्याकडेच असते.

या दिवसांत काय करायचं?

पलंगाभोवती गर्दी नको. एका वेळी एक किंवा दोन माणसं. मोबाइलचे व्हिडिओ नकोत, रडारड नको. दिवसा उजेड, रात्री अंधार आणि झोप. चष्मा किंवा कानाचं यंत्र लागत असेल तर ते लावून द्या. उशाशी मोठ्या अक्षरात एक कागद चिकटवा: आज कोणता वार, कोणती तारीख, हे कोणतं रुग्णालय, इथे का आहोत. दर वेळी तेच शांतपणे सांगा. "तुम्ही दवाखान्यात आहात. गाडीवरून पडलात. आता बरं वाटेल. मी तुमची सुमन." नाव आणि नातं आपणच आधी सांगायचं.

आणि काय करायचं नाही? परीक्षा घ्यायची नाही. आपल्याकडे भेटायला येणारा प्रत्येकजण पलंगाशी वाकून विचारतो, "मला ओळखलं का? सांगा बरं मी कोण?" दिवसात वीस जण विचारतात. त्या माणसाला उत्तर येत नाही, तो घाबरतो, चिडतो किंवा काहीतरी ठोकून देतो. ठोकून दिलेलं उत्तर तो खोटं म्हणून देत नाही. मेंदूला रिकामी जागा सहन होत नाही, म्हणून तो मिळेल ते तिथे भरतो. "मी सकाळी शेतावर जाऊन आलो," असं तो वॉर्डात झोपून सांगेल. वाद घालू नका. "बरं, आता पाणी प्या," म्हणून विषय बदला.

हे सगळं म्हणजे पुनर्वसनाची पहिली पायरी. तब्येत स्थिर झाली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की त्याच आठवड्यात पुढची पायरी सुरू होते. अंगात थोडी ताकद आल्याबरोबर स्वतः दात घासणं, स्वतः केस विंचरणं, पलंगावर बसून जेवणं. दहा मिनिटं काम, मग विश्रांती. मेंदू लवकर थकतो, म्हणून थोडं थोडं पण रोज. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते. नंतरही ती होत राहते, वर्षानुवर्षं होते, पण वेग कमी होतो. "आधी पूर्ण बरा होऊ दे, मग बघू" असं म्हणत चार महिने गेले, तर तो ओलावा वाया जातो. वाफशावर पेरणी करावी लागते, हे तुम्हाला आम्ही काय सांगणार!

'ओ.टी.' म्हणजे नुसतं ऑपरेशन थिएटर नव्हे

हे काम शिकवणारी माणसं रुग्णालयात असतात, पण त्यांच्यापर्यंत आपण पोचत नाही. ऑक्युपेशनल थेरपी असं या शाखेचं नाव, थोडक्यात ओ.टी. रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून ते शिकवतात. रुग्णालयाच्या आवारात नुसतं "ओ.टी. कुठे?" विचारलं तर लोक ऑपरेशन थिएटरकडे पाठवतात. म्हणून पूर्ण नाव घ्या.

ही शाखा आपल्या देशात रुजली ती मुंबईत. जन्माने अमेरिकन आणि लग्नाने मराठी घरात आलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये परळच्या के.ई.एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. फलटणच्या आसपासच्या मैत्रिणींना कमला निंबकर बालभवन ही शाळा ठाऊक असेल, ती त्यांच्याच नावाची. पुढे १९५५ मध्ये हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था उभी राहिली. आज के.ई.एम., आमच्या कुर्ल्याच्या शेजारचं सायन रुग्णालय, नायर रुग्णालय आणि नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे ऑक्युपेशनल थेरपी शिकवली जाते, म्हणजे तिथे हे विभाग आहेतच. तुम्ही दूर असाल तर जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. कुठल्या विभागात पाठवायचं, कुठली योजना लागते, हे त्यांना विचारायचं.

डिस्चार्जच्या वेळी चार प्रश्न विचारल्याशिवाय वॉर्ड सोडू नका. आठवणीची आणि लक्ष देण्याची तपासणी झाली का? घरी काय शिकवायचं आणि कोण दाखवेल? फिटच्या गोळ्या आहेत का, किती दिवस? पुन्हा कधी यायचं, आणि कुठल्या विभागात? उत्तरं डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा.

हे का सांगतोय ते ऐका. आमच्या एका गटातल्या ताई शिडीवरून पडल्या. नऊ दिवस रुग्णालयात होत्या. कार्डावर गोळ्यांची नावं आणि "१५ दिवसांनी दाखवणे" एवढंच होतं. घरी आल्यावर दूध उतू जायला लागलं, गॅस चालू राहायला लागला. सासूबाई म्हणाल्या, कामचुकारपणा. गटात ताईंनी हप्ता भरल्याचं शपथेवर सांगितलं, वहीत नोंद नव्हती, आणि बैठकीत भांडण जुंपलं. अकरा वर्षं एक हप्ता न चुकवणारी बाई खोटारडी ठरायची वेळ आली. गटातल्या एका मुलीने चौकशी करून ऑक्युपेशनल थेरपी विभाग गाठून दिला, तोवर अडीच महिने गेले होते. ताई पुन्हा डबे द्यायला लागल्या, वही जवळ ठेवून. सगळी आठवण आली नाही. पण घर चालतं, आणि त्यांचा शब्द पुन्हा चालतो.

घरी कसं शिकवायचं

आता कामाची गोष्ट. चार-पाच रीती आहेत. पैसा लागत नाही, चिकाटी लागते.

पहिली रीत: चूक होऊ न देता शिकवणं. आपण मुलांना म्हणतो, "आठव, आठव, डोक्याला ताण दे." इथे उलटं करायचं. आठवण अधू असलेल्या माणसाने अंदाजाने चुकीचं उत्तर दिलं तर ती चूकच पक्की होते, कारण ती चूक होती हे त्याला आठवत नाही. म्हणून उत्तर आधी सांगायचं, मग त्याच्याकडून म्हणवून घ्यायचं. "गोळ्या फडताळातल्या लाल डब्यात आहेत. कुठे आहेत?" "लाल डब्यात." त्याला उठवून डब्यापर्यंत न्यायचं, हात लावू द्यायचा.

दुसरी रीत: अंतर वाढवत विचारणं. तोच प्रश्न एका मिनिटाने, मग दोन मिनिटांनी, मग पाच, दहा, वीस मिनिटांनी. मध्ये तुमची भाजी निवडून होते. उत्तर चुकलं तर लगेच बरोबर उत्तर सांगा आणि आधीच्या लहान अंतरावर या. एका वेळी एकच गोष्ट. ती पक्की झाली की दुसरी.

तिसरी रीत: कामाचे तुकडे. चहा करणं हे आपल्याला एक काम वाटतं. त्यात आठ-नऊ कामं आहेत: पातेलं घेणं, पाणी मोजणं, गॅस पेटवणं, साखर, पत्ती, दूध, उकळी, गॅस बंद, गाळणं. रोज त्याच क्रमाने, त्याच जागी, त्याच भांड्यात करवून घ्या. सुरुवातीला सगळं तुम्ही करा आणि शेवटचं गाळणं त्याच्याकडे द्या. मग शेवटची दोन, मग तीन. हाताची आठवण अशी चढत जाते. गॅसजवळ मात्र कुणीतरी उभं हवंच.

चौथी रीत: वही. आपला गट वहीवर चालतो ना? कुणीही "माझ्या लक्षात आहे" म्हणून हिशेब ठेवत नाही. तसंच इथे. एक जाड वही, तिला दोरीने पेन्सिल बांधलेली. पहिल्या पानावर नाव, पत्ता, घरच्यांचे फोन. मग रोज एक पान. वर वार आणि तारीख, खाली आज करायची कामं, केलेल्या कामापुढे खूण. मागच्या पानांवर कोण भेटलं, काय ठरलं, कुणाला किती पैसे दिले. वही कायम एकाच खुंटीला. पण नुसती वही देऊन भागत नाही. वही आहे हेच तो विसरेल! म्हणून सकाळी चहानंतर, दुपारी जेवणानंतर आणि रात्री झोपताना वही उघडायची, ही सवय आधी पक्की करा. मोबाइलचा गजर लावा आणि गजर झाला की बोटाने वहीकडे दाखवा. काही आठवड्यांनी हात आपोआप खुंटीकडे जायला लागतो.

लिहिता-वाचता येत नसेल तर चित्रं. सकाळच्या गोळीच्या डब्यावर सूर्य, रात्रीच्या डब्यावर चांदोबा. कपड्यांच्या फळीवर कपड्याचं चित्र, डब्यांवर रंगीत कापडाच्या चिंध्या.

पाचवी रीत: जागा आणि वेळ ठरवणं. चावी एका खिळ्याला, चष्मा एका कोनाड्यात, उठण्या-जेवण्याची वेळ एक. घरात सारखा बदल करू नका. टीव्ही बंद करून एका वेळी एकच गोष्ट बोला, छोट्या वाक्यात. बरेचदा गोष्ट विसरलेली नसते, ती नीट कानातच शिरलेली नसते.

बाजारात आठवण वाढवणारी चूर्णं आणि टॉनिकं भरपूर मिळतात. डोक्याच्या माराने गेलेली आठवण त्यांनी परत येते असं सिद्ध झालेलं नाही. बदाम खायला हरकत नाही, अन्न म्हणून खा. पण चूर्णासाठी फिटच्या गोळ्या बंद केल्या तर जिवावर बेतेल. मोबाइलवरचे आठवणीचे खेळ खेळून माणूस मुख्यतः तो खेळ चांगला खेळायला लागतो. गोळी वेळेवर घ्यायची असेल तर गोळी घेण्याचाच सराव हवा.

सुधारणा किती होईल हे प्रत्येकाचं वेगळं. 'आशिकी' सिनेमातली नायिका अनु अगरवाल तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. १९९९ मध्ये मुंबईत त्यांच्या गाडीला अपघात झाला. त्या २९ दिवस बेशुद्ध होत्या आणि शुद्धीवर आल्या तेव्हा आठवणी पुसल्या गेल्या होत्या. त्यांना आयुष्य पुन्हा शिकावं लागलं. २०१५ मध्ये त्यांनी आपल्या आयुष्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. सगळ्यांचं असं होईल असं नाही. पण "आता काही उपयोग नाही" हे वाक्य कुणी घाईने म्हणू नये.

जपायच्या गोष्टी

डोक्याला मार लागल्यावर पुढचं काहीही दिसलं तर थांबू नका. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, जागं करूनही जागं न होणं, फिट, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, बडबड किंवा गोंधळ. १०८ ला फोन करा. रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्याला किंवा म्हाताऱ्या माणसाला थोडा मार लागला तरी दाखवा. रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं तर उचलायला घाबरू नका. मदत करणाऱ्याला पोलीस किंवा रुग्णालय अडकवून ठेवू शकत नाही, असं संरक्षण २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीत दिलेलं आहे.

घरी आल्यावर डॉक्टर सांगेपर्यंत गाडी चालवणं नको, झाडावर किंवा शिडीवर चढणं नको, विहिरीवर एकट्याने जाणं नको. दारू तर अजिबात नको. मेंदू भरत असताना दुसरा मार लागला तर तो पहिल्यापेक्षा महागात पडतो. आणि जिथे मार नवऱ्याच्या हातचा आहे, तिथे दुसरा मार ठरलेलाच असतो. अशा बहिणीला १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर द्या, आणि डॉक्टरांना खरं कारण सांगायला तिच्यासोबत जा.

कागदपत्रांची गोष्ट तर कानाला गाठ मारून ठेवा. आठवण ठिकाणावर नसलेल्या माणसाकडून जमिनीच्या, कर्जाच्या, वाटणीच्या कागदावर सही-अंगठा घेतला जातो, आणि विचारलं तर त्याला आठवतही नाही. ठीक होईपर्यंत सही कशावरच नको. पोलीस जबाब घ्यायला आले तर जबाब देण्यासारखी अवस्था आहे का ते आधी डॉक्टरांना विचारावं. आठवत नसेल तर "आठवत नाही" हेच खरं उत्तर. कुणी सुचवलेलं "हो, हो" म्हणू नये.

केस पेपर, सीटीची फिल्म, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, एफ.आय.आर.ची प्रत एका पिशवीत ठेवा. रस्त्यावर गाडीने अपघात झाला असेल तर भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात करता येतो, आणि सहा महिन्यांच्या आत करावा असं कायदा सांगतो. रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार मिळण्याची केंद्र सरकारची योजना २०२५ मध्ये लागू झाली आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड घेऊन त्यांना भेटा.

गटाने काय करायचं

शेवटी आपलं. आठवण गेलेल्या माणसाची सगळी निगा बहुतेक एकाच बाईच्या अंगावर पडते. ती तेच उत्तर दिवसात पन्नास वेळा देते, रात्री जागते, मजुरी बुडवते, आणि वर ऐकते की हिचं लक्ष नाही. आणि मार बाईलाच लागलेला असेल तर तिच्यासाठी वही लिहायलाही कुणी नसतं. पुरुष विसरला तर आजारी, बाई विसरली तर वेंधळी. हे आपणच थांबवायचं.

गटातल्या दहा जणींनी आठवड्यातले दोन-दोन तास वाटून घेतले तर त्या घरातल्या बाईला रोज जवळपास तीन तास मोकळे मिळतात. दवाखान्याच्या फेरीला एक जण सोबत द्या. गोळ्यांच्या डब्यावर सूर्य-चांदोबा काढून द्या. अंतर वाढवत प्रश्न विचारण्याचं काम शेजारच्या शाळकरी पोरीला शिकवा, तिला ते खेळासारखं जमतं. ज्या मैत्रिणीची आठवण अधू आहे तिचा हप्ता तिच्या समोर, दोघींच्या साक्षीने घ्या, तिच्याही वहीत लिहा आणि पावती तिथेच चिकटवा. तिला गटातून काढू नका. बैठकीला येणं, तीच माणसं, तीच जागा, तोच वार, हेही तिचं औषधच आहे. सांभाळणाऱ्या बाईचं मन फार खचलं असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर मोफत बोलता येतं, मराठीतही.

येत्या बैठकीत पाच मिनिटं काढा आणि एकमेकींना विचारा: गेल्या वर्षभरात आपल्या वस्तीत, वाडीवर कुणाच्या डोक्याला मार लागला? आता ते कसे आहेत? एखादं नाव निघालंच तर त्याच आठवड्यात त्या घरी जा. जाताना एक वही आणि दोरीने बांधलेली पेन्सिल घेऊन जा. "मला ओळखलंत का?" असं मात्र विचारू नका. दारातच आपलं नाव सांगा, नातं सांगा, आणि मग बसा. नमस्कार.